गारठा निळा नसतो

“निघाला! निघाला रे!”

भिंतीमागून आरोळी आली नि अंगणातली पन्नास-साठ माणसं एकदम उभी राहिली. कुणी डोक्यावरची कालपाक टोपी हवेत उडवली. एक म्हातारी डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसायला लागली. आणि मुझ-अतानं, म्हणजे आमच्या बर्फबाबानं, डोळे मिटून दोन्ही तळवे वर धरले नि मान अशी हलवली, की आभाळातून कुणी त्याची पाठ थोपटतंय असंच वाटावं.

निघाला होता गारठा. एका धिप्पाड ट्रक ड्रायव्हरच्या अंगातला. तो भिंतीमागं जाऊन बर्फावर मुतला होता आणि बर्फ निळं झालं होतं. हिरवट निळं, डोंगरातल्या तळ्यासारखं. माणसं रांग लावून ते बघून येत होती. बघून आलेला माणूस परत येताना छाती पुढं काढूनच चालायचा, मुतला दुसराच असला तरी.

आता मी हे तोंड वाकडं करून सांगतोय. पण तीन आठवड्यांआधी त्याच भिंतीमागं मी उभा होतो आणि त्या ड्रायव्हरपेक्षा मोठ्यानं मी ओरडलो होतो. खोटं कशाला बोलू?

मी तुर्दाकून. नारिन शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. आठवीत शाळा सोडली नि मेंढरांमागं गेलो, ते अजून मेंढरांमागंच आहे. मला काय झालं होतं ते सांगायला लोक लाजतात. मी बी लाजलो, दोन वर्षं लाजलो. लघवीला जळजळ. रात्रीतून पाच वेळा उठायचं आणि थेंब गाळून परत यायचं. बसलं की खाली, दोन मांड्यांच्या मधे, कुणी गरम खिळा ठेवलाय असं दुखणं. घोड्यावर बसायचं म्हणजे शिक्षा. मधेच ताप चढायचा, घामानं अंथरूण भिजायचं, आठ-दहा दिवसांनी आपोआप उतरायचा. मग परत.

आमच्याकडं या दुखण्याचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दगडावर बसलास. ओल्या जमिनीवर बसलास. गारठा बसला. आई आम्हाला लहानपणी दगडावर बसू द्यायची नाही, खाली लोकरीचा नमदा अंथर म्हणायची, तिची आई तिच्या भावांना तेच सांगायची. त्यामुळं दुखायला लागलं की बाप्या डॉक्टरकडं जातच नाही. तो आपला आठवत बसतो, कुठल्या दगडावर बसलो होतो बरं?

मुझ-अतानं नेमकी हीच नस धरली. तो आमच्यातला नव्हे. दोन वर्षांमागं खालून आला, रस्त्याकडेचं घर घेतलं. खिडकीत काचेची पेटी, त्यात लाल मासे. म्हणायचा, हे मासे मला माणसाचा गारठा दाखवतात. आम्ही माश्यांकडं बघायचो, मासे आमच्याकडं बघायचे, नि आम्ही माना डोलवायचो.

दर शुक्रवारी सकाळी तो बाप्यांना ओळीनं बसवायचा. कमरेवर ओला टॉवेल फिरवायचा आणि सुरू व्हायचा:

“नीघ रे गारठ्या, नीघ! हाडातून नीघ, मांडीतून नीघ! आजोबाच्या दगडावरचा असशील तर नीघ, फौजेतल्या खंदकातला असशील तर नीघ! निळ्या वाटेनं ये, निळ्या वाटेनं जा!”

मग प्रत्येकाच्या तळहातावर एक कुरूत. आमची नेहमीचीच, दह्याची वाळवलेली खारट गोळी, दगडासारखी कडक. पण एक अट.

“चावायची नाही. चोखायची नाही. गिळायची! दात लावलास तर गारठा उलटा फिरेल नि तुझा पुरुषपणा गोठून गळून पडेल.”

आता सांगा, कुठला बाप्या दात लावील?

गिळायची, वर चहा प्यायचा, दुपारपर्यंत बसायचं. आणि दुपारी भिंतीमागं निळं. मी माझ्या डोळ्यांनी माझं निळं बघितलं. आणि वर काय झालं ऐका. चार दिवसांत माझा ताप उतरला! दुखणंही निम्म्यावर आलं. मी एक मेंढी त्याच्या दारात नेऊन बांधली आणि गावभर सांगत सुटलो. त्या ड्रायव्हरला मीच पाठवलं. माझ्या पोराला, मेदेरलाही मीच पाठवलं. हे तोंड आहे ना, ह्या तोंडानंच सगळं केलं.

तीन आठवड्यांनी ताप परत आला. मुझ-अतानं जपून ठेवायला एक जादा कुरूत दिली होती, ती सकाळी गिळली. त्याच दिवशी माझी सून आइजान चुलीपाशी थरथरताना दिसली. कपाळाला हात लावला तर तवा.

आइजान पाच महिन्यांची पोटुशी होती. मागच्या वसंतात तिचं एक पोर पोटातच गेलं होतं. तेव्हापासून मेदेर हसायचा बंद झाला होता. मुझ-अतानं त्याला सांगून ठेवलं होतं, “तुझा गारठा बायकोत उतरला, पोर गोठलं. या शुक्रवारी तिला आण. तिलाही निळ्या वाटेनं काढू.”

मी आइजानला घेऊन बुरुलकडं गेलो. बुरुल आमच्या गावच्या दवाखान्यातली फेल्शर, अर्धी डॉक्टर नि अर्धी नर्स. बाईमाणूस म्हणून मी आजवर माझं काही तिला सांगितलं नव्हतं. तिनं आइजानला तपासलं, रक्त घेतलं आणि मग माझ्याकडं वळली. वडीलधाऱ्या बाप्याला आमच्यात ‘बाइके’ म्हणतात.

“आणि तुम्ही असे काय बसलाय, बाइके? एका कुल्ल्यावर?”

“काही नाही. घोड्यावरून पडलो.”

“दोन वर्षांपासून पडताय? मशिदीत, लग्नात, सगळीकडं एकाच कुल्ल्यावर बसता. ही बाटली घ्या, पलीकडं जा, भरून आणा.”

“बुरुल, मी तुझ्या बापाच्या वयाचा...”

“माझा बाप मूत्रपिंडानं गेला. लाजत लाजत गेला. जा.”

मी बाटली आणून दिली. तिनं उजेडात धरली आणि फसकन हसली.

“हे काय प्यालात?”

“प्यालो काही नाही,” मी ऐटीत म्हणालो, “तो गारठा आहे.”

“ही सिंका आहे, बाइके, निळी दवा! लहानपणी घसा सुजला की आई बोळ्यानं लावायची ना? ती निळी. माश्यांना रोग झाला की त्यांच्या पाण्यातही टाकतात. माणसाच्या पोटात गेली की मूत्रपिंडं गाळून बाहेर काढतात, म्हणून निळं. शाळेत आम्ही वर्गशिक्षकाच्या मुरंब्यात टाकली होती. बिचारा दोन दिवस मृत्युपत्र लिहीत बसला.”

लाल मासे माझ्या डोळ्यांसमोरून पोहत गेले.

“मग माझा ताप कसा उतरला?”

ती हसायची थांबली. “यंदा किती मेंढ्यांनी कोकरं टाकली?”

“सात.”

“मागच्या वर्षी?”

“पाच.”

“मेलेली कोकरं ओढून काढली कुणी? हातमोज्यांनी की उघड्या हातांनी?”

मी माझे हात बघितले. भेगाळलेले, नखांपाशी चिरा पडलेले. “मी नि मेदेरनं. हातमोजे घालून कधी कुणी कोकरू काढलंय का?”

“आणि दूध?”

“दुधाचं काय? गरम धारोष्णच पितो आम्ही. आइजानला तर मी स्वतः वाटीभर साय देतो. पोटुशी आहे म्हणून.”

बुरुल एकदम खुर्चीवर बसली. तिनं माझं रक्त काढलं, दोन्ही नळ्या जिल्ह्याला जाणाऱ्या गाडीत दिल्या आणि म्हणाली, “उद्या या.”

दुसऱ्या दिवशी कागद आले. माझ्याही रक्तात, आइजानच्याही रक्तात. ब्रुसेला. मेंढरांचा जंतू. जो कोकरं पाडतो तोच.

“हा जंतू अंगात लपून बसतो,” बुरुल म्हणाली. “ताप लाटेसारखा येतो नि लाटेसारखा जातो. तुमची लाट उतरत होती, तेव्हाच त्यानं कुरूत दिली. नुसतं पाणी दिलं असतं तरी उतरली असती.”

“आणि ते... खालचं?”

“मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी गाठ असते बाप्यांना. प्रोस्टेट. हा जंतू तिथंही जाऊन बसू शकतो. पण मी आत्ता शपथेवर सांगणार नाही. तिथं आतड्यातले जंतू चढतात, नवरा-बायकोत एकमेकांना लागणारे जंतू असतात, कुणाला क्षय निघतो. कितीतरी जणांत तर शोधूनही जंतू सापडत नाही, दुखणं मात्र खरं असतं. म्हणून तपासायचं. नारिनचा डॉक्टर बोटानं तपासेल.”

“बोटानं? कुठून?”

तिनं सांगितलं. मी टोपी घालून उठलो. दारापर्यंत गेलो आणि बाकावर बसलेली आइजान दिसली. पोटावर हात ठेवून, मान खाली. मी परत येऊन बसलो.

“आणि मागचं पोर?” मी हळूच विचारलं. “ते माझ्या दुधानं गेलं का?”

“ते मला सांगता येणार नाही, बाइके. तेव्हा रक्त कुणी तपासलं नाही. यंदाचं मात्र हातात आहे. गर्भारपणात चालतील अशा गोळ्या आहेत, नारिनच्या डॉक्टरला मी फोन केलाय. पण ती निळी पोटुशीच्या पोटात जाता कामा नये. अजिबात नाही.”

घरी येऊन मेदेरला सांगितलं. तो पाठ फिरवून खोगीर पुसत राहिला.

“तीन आठवड्यांमागं तुम्हीच म्हणाला होता, अता, की हा माणूस देवानं धाडलाय.”

“मी गाढव होतो.”

“मग आत्ता गाढव नाही कशावरून? डॉक्टरांनी मागच्या खेपेला काय केलं? गेलं म्हणाले, घरी जा म्हणाले. मी तिला शुक्रवारी नेणार.”

माझाच शब्द माझ्या आडवा आला होता. म्हणून त्या शुक्रवारी मीही गेलो. बुरुलला सोबत घेतलं.

तर, ड्रायव्हर ओरडला, टोप्या उडाल्या, नि मुझ-अतानं मेदेरला खूण केली. आइजान पुढं आली. डोक्यावर रुमाल, नजर जमिनीवर. आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, चार बाप्यांत आवाज चढवत नाही. मुझ-अतानं तिच्या हातावर कुरूत ठेवली.

मी पुढं झालो. “थांब. आधी एक कुरूत मला दे. सगळ्यांसमोर फोडून दाखवतो.”

“फोडशील त्या घडीला तुझा वंश गोठेल!” तो कडाडला. गर्दी मागं सरकली. “बरा केला ना मी तुला? दारात मेंढी बांधलीस ना? कृतघ्न!”

“मेंढी ठेव. मग कुरूत अशा माणसाला दे, ज्याला काहीच होत नाही. त्याला निळं होणार नाही ना?”

“धडधाकट माणसातही लपलेला गारठा असतो.”

“मग घोड्याला दे.”

कुणीतरी खुदकन हसलं. मुझ-अता तोंड उघडणार तेवढ्यात शेकोटीपाशी बसलेले गावचे वडीलधारे सुयुन-अक्सकाल काठी टेकत उठले. एक्क्याऐंशी वर्षांचे, कानानं ठार बहिरे, आणि पांढरीशुभ्र दाढी छातीपर्यंत. ते तिथं फक्त चहाला यायचे. कोण काय बोलतंय ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. कुरूत वाटतायत एवढं दिसलं होतं.

“मला नाही दिली रे,” म्हणाले आणि ताटलीतली एक उचलून तोंडात टाकली.

आता आमच्यातला म्हातारा कुरूत कशी खातो? गालात सरकवतो आणि विसरतो. फौजेत, रानात, बर्फात ऐंशी वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

“गिळा!” मुझ-अता ओरडला. “अक्सकाल, गिळा!”

“काय?”

“गिळा, गिळा!”

“दात कुठायत रे पोरा? विरघळू दे जरा.”

सगळे त्यांच्याकडं बघत राहिले. ओठाच्या कोपऱ्यातून एक निळी रेघ उतरली. मग दुसरी. थेंब दाढीत शिरला आणि पसरला. पांढऱ्या लोकरीला रंग चढतो तशी दाढी निळी होत गेली. म्हाताऱ्यानं हात फिरवला, हात बघितला.

“मेलो की काय मी?”

आणि मुझ-अता काय बेरकी! क्षणही गेला नाही. “बघा, लोकहो! म्हाताऱ्याचा गारठा वर चढला होता, तोंडावाटे निघाला! ओमिन म्हणा!”

आणि अर्ध्या गर्दीनं तळवे वर करून “ओमिन”, म्हणजे आमीन, म्हटलंही! डोळ्यांदेखत निळी ओघळतेय, आणि माणसं ओमिन म्हणतायत. मेदेरसुद्धा.

तेव्हा आइजान हलली. शेकोटीवर चहाची किटली होती. तिनं एका वाटीत गरम पाणी ओतलं, आपल्या हातातली कुरूत त्यात टाकली आणि वर किटलीची अजून एक धार सोडली. घाई केली नाही. कुरूत पाण्यात कुरकुरली, मधून फुटली आणि वाटी तळापासून निळी झाली. तिनं ती वाटी दोन्ही हातांनी मुझ-अतासमोर धरली. आवाज मोठा नव्हता, पण अंगणाच्या टोकापर्यंत गेला.

“या वाटीला कुठला गारठा बसला, अता? ही कुठल्या दगडावर बसली होती?”

मुझ-अता ताटली उचलायला वाकला.

मेदेरनं वाटी बघितली, आइजानकडं बघितलं. मग ताटलीतली एक कुरूत उचलून दगडानं फोडली. आत बारीक भोक, भोकात निळी पूड, वरून दह्याचं बूच.

बुरुल पुढं आली आणि सिंका काय, मासे काय, मूत्रपिंडं काय, सगळं सांगितलं. ड्रायव्हर रागावला. “मग मला बरं का वाटतंय?”

“ताप येऊन-जाऊन असतो का?”

“असतो.”

“कच्चं दूध?”

“पितो की.”

“उद्या दवाखान्यात ये. तुझं तेच असेल, नसेल. बघितल्याशिवाय मी सांगत नाही. बघितल्याशिवाय सांगणारा तो तिथं बसलाय.”

पण कुणी बाप्या जागचा हलेना. सगळे आपापल्या बुटांकडं बघायला लागले. मला कळलं काय झालंय ते. निळ्या मुताची आरोळी गावभर द्यायला लाज वाटत नव्हती. दवाखान्यात जाऊन ‘इथं दुखतं’ म्हणायची वाटत होती. त्या लाजेवर तर तो माणूस दोन वर्षं जगला!

मी म्हणालो, “माझ्या रक्तात मेंढरांचा जंतू निघालाय. माझी प्रोस्टेट दुखते. मी तपासून घेणार.”

“काय दुखते?” सुयुन-अक्सकालांनी कानामागं हात नेला.

“प्रोस्टेट!”

“कुठं असते ती?”

“खाली!”

“मोठ्यानं बोल की, लाजतोस काय?”

मग मी छाती भरून घेतली आणि असा ओरडलो की वरच्या कड्यावरून आवाज परत आला. “प्रोस्टेट! मुताच्या पिशवीखाली असते! दोन वर्षं दुखतेय! त्यात जंतू असू शकतो! नारिनचा डॉक्टर मागून बोट घालून बघणार आहे, आणि मी घालू देणार आहे!”

बायका रुमालात तोंड खुपसून हसल्या. हसू देत. सुयुन-अक्सकालांनी निळी दाढी हलवली.

“मग लवकर जा. इथं काय करतोयस?”

ड्रायव्हर पहिला पुढं आला. मग एक-एक करत इतर.

मुझ-अताला कुणी हात लावला नाही. बुरुलनं जिल्ह्याला तक्रार लिहिली, आम्ही खाली सह्या केल्या. तो त्याआधीच रातोरात पसार झाला. मासे मात्र विसरला. ते आता दवाखान्यात आहेत, रांगेतल्या माणसांकडं बघत.

पुढचं सांगतो, जसं झालं तसं. मला दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या, महिनेच्या महिने. मधे पोट बिघडलं, तोंड कडू झालं, मी बुरुलला शिव्या दिल्या, तिनं मला दिल्या. आता घोड्यावर बसतो. ड्रायव्हरच्या लघवीत आतड्यातला जंतू निघाला, ब्रुसेला नव्हेच. एकात असा निघाला की त्याच्या बायकोलाही औषध द्यावं लागलं, आणि त्या घरात आठ दिवस भांडी आपटत होती. दोघा-तिघांत काहीच सापडलं नाही. बुरुल त्यांना तोंडावर म्हणाली, “मला माहीत नाही, पण दुखणं खरं आहे, पुढं शोधू.” मुझ-अता ‘माहीत नाही’ असं एकदाही म्हणाला नव्हता. तिथंच मला कळायला हवं होतं.

मेंढरांची तपासणी झाली. वाईट निघाली ती गेली. मी रडलो, खोटं नाही सांगत. आता कोकरू ओढायचं तर कोपरापर्यंत रबरी हातमोजे, आणि दूध उकळल्याशिवाय घरात कुणाच्या ओठाला लागत नाही. आइजान त्यावर पहारा ठेवते. ऑगस्टात तिला मुलगी झाली. असा गळा आहे तिचा की सुयुन-अक्सकालांनाही ऐकू येतं.

मी शिकलेला नाही. पण एवढं सांगतो, आणि लग्नात, मयतीत, बाजारात, जिथं बाप्ये जमतील तिथं सांगत राहणार, कुणाला आवडो न आवडो. दुखतंय तर दुखतंय म्हणा. जिथं दुखतंय त्याचं नाव घ्या. गारठ्याला शिव्या देत बसू नका, रक्त द्या, लघवी द्या, कागद हातात घ्या. आणि उद्या कुणी तुमच्या तळहातावर काही ठेवून ‘दात न लावता गिळ’ म्हणाला, तर त्याच्या डोळ्यांत बघून आधी चावून बघा.